मंदीत गल्लीतलं नवं रेस्टॉरंट: घात स्वयंपाकघरात होतो की भाडेकरारात? (धाग्यावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

वहीखातं
नवं रेस्टॉरंट बंद पडलं की लोकांची दोन कारणं ठरलेली असतात: "जेवणात दम नव्हता" किंवा "मंदी आहे हो". मला दोन्ही वरवरची वाटतात. बहुतेक ठिकाणांचा निकाल दार उघडण्याआधीच तीन आकड्यांत लागलेला असतो: भाडं, खुर्च्या आणि खेळतं भांडवल.

एक उदाहरण घेऊ. चलन कुठलंही चालेल. माणशी बिल 100 धरा. त्यातले 32 मालाला जातात आणि 8 गॅस, कार्डाचं शुल्क, धुलाई वगैरे ताटागणिक वाढणाऱ्या खर्चाला. हातात राहिले 60. महिन्याचा ठरलेला खर्च 2,40,000: पगार 1,20,000, भाडं 40,000 आणि हप्ते, परवाने, दुरुस्ती, विजेचा स्थिर आकार मिळून 80,000. म्हणजे ना नफा ना तोटा यायला महिन्याला 4,000 माणसं जेवली पाहिजेत. आठवड्याची सुट्टी धरून 26 दिवस उघडं ठेवलं, तर रोज 154.

आता 40 खुर्च्यांवर 154 माणसं म्हणजे प्रत्येक खुर्ची दिवसात जवळजवळ चार वेळा फिरली पाहिजे. कागदावर हे जमण्यासारखं दिसतं. पण दहाच्या दहा टेबलं चार जणांची असतील आणि गिऱ्हाईक बरंचसं जोडीनं येत असेल, तर गर्दीच्या वेळी प्रत्यक्षात 27-28 खुर्च्याच भरतात. मग तोच आकडा साडेपाचवर जातो. हे गणित मंदीत बसत नाही, आणि खरं सांगायचं तर तेजीतही क्वचितच बसतं.

पण भाडं आणि सुरुवातीचा खर्च मंदीतच खाली आणता येतो, म्हणून माझं म्हणणं असं की मंदी ही गल्लीत छोटं रेस्टॉरंट उघडायला चांगली वेळ आहे. बंद पडलेल्या रेस्टॉरंटची जागा चिमणी, एक्झॉस्ट, ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी टाकी) आणि वाढीव वीजभारासकट मिळते. घरमालक पहिले दोन-तीन महिने भाडं सोडायला तयार होतो. भांडी आणि ओटे अर्ध्याहून कमी किमतीत मिळतात.

कढईकाठ
गणित बरोबर, निष्कर्ष चूक. तुम्ही मालाचे 32 गृहीत धरलेत. ते 32 कुणी राखायचे? ठरलेलं वाढप 150 ग्रॅम आणि ताटात पडतं 170. अंदाजानं वाढणारा आचारी एवढी चूक सहज करतो. म्हणजे 13 टक्के जास्त. तो जिन्नस मालखर्चाच्या निम्मा असेल, तर 32 चे 34 झाले. हातात राहणारे 60 आता 58. ना नफा ना तोट्यासाठी महिन्याला आणखी 140 माणसं हवीत, आणि ही गळती वहीत दिसतही नाही.

दुसरी गळती सोलून-कापून उरणाऱ्या वजनाची. किलोभर कांदा सोलून चिरला की 880-900 ग्रॅम हाती लागतो. मांस शिजल्यावर साधारण पाव वजन कमी होतं. नवे मालक कच्च्या किलोच्या भावाला ताटातल्या ग्रॅमनं भागतात. 10 चा माल शिजून तीन-चतुर्थांश उरला तर त्याचा खरा भाव 13.3 आहे. मेन्यूवरचे दर पहिल्या दिवसापासून चुकलेले असतात आणि पुढे सहा महिने दोष मंदीला दिला जातो.

उपाय महागडा नाही. प्रत्येक पदार्थाचं वजनासकट कृतिपत्रक, ओट्यावर डिजिटल काटा, मापाचे डाव. आठवड्यातून एकदा सगळ्यात महाग दहा जिनसांची मोजदाद: सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा उरलेला साठा म्हणजे खरा वापर. विकलेली ताटं गुणिले पत्रकातलं वजन म्हणजे अपेक्षित वापर. दोन्हींतला फरक दोन टक्क्यांपुढे गेला की चौकशी. सगळा साठा मोजायला बसू नका. तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडून द्याल.

मंदगती
दोघंही खर्चातच अडकलात. मंदीत आधी विक्री पडते. लोक एकदम बाहेर खायचं थांबवत नाहीत. आधी पेय जातं, मग गोड, मग सुरुवातीचे पदार्थ. पाहुणे तेवढेच दिसतात, टेबलं भरलेली असतात आणि माणशी बिल 100 चं 85 होतं. यातली मेख अशी की पेय आणि गोड यांवरच सर्वांत जास्त सुटतं. मुख्य पदार्थावर मालखर्च 35-38 टक्के असतो, गरम पेयावर त्याच्या निम्माही नसतो. त्यामुळे बिल 15 नं घटलं तर हातात राहणारे 60 साधारण 48 वर येतात. मग रोज 154 नव्हे, 192 माणसं हवीत. काटा आणि भाडं दोन्ही आदर्श ठेवलंत तरी हा खड्डा भरत नाही.

आणि "छोटं उघडा" हा सल्ला जपून द्या. 2014 मध्ये अर्थतज्ज्ञ लुओ आणि संख्याशास्त्रज्ञ स्टार्क यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या नोंदी तपासल्या. रेस्टॉरंटांचं मध्यक आयुष्य साडेचार वर्षं निघालं, म्हणजे निम्मी त्याआधीच बंद पडली. पाच किंवा कमी कर्मचाऱ्यांच्या नव्या रेस्टॉरंटांचं मात्र पावणेचार. लहान आकार हे संरक्षण नाही. एक आचारी आजारी पडला की अर्धं स्वयंपाकघर बंद.

वहीखातं
त्याच अभ्यासात स्वतंत्र, वेटर असलेल्या रेस्टॉरंटांपैकी पहिल्या वर्षात साधारण 17 टक्केच बंद पडल्याचंही निघालं होतं. त्याआधी 2005 मध्ये पार्सा आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कोलंबस शहराच्या आकडेवारीवरून पहिल्या वर्षाला 26 टक्के आणि तीन वर्षांत मिळून 60 टक्के असा हिशेब मांडला. "पहिल्याच वर्षी दहातली नऊ बंद पडतात" ही ऐकीव गोष्ट दोन्हींत टिकत नाही. आणखी एक: त्या कोलंबसच्या अभ्यासात साखळीतली (एकाच नावाच्या अनेक शाखांची) आणि स्वतंत्र रेस्टॉरंटं यांच्यात तीन वर्षांअखेर फरक फक्त चारेक टक्क्यांचा होता. मोठ्या नावाचं कवच आपण समजतो तेवढं जाड नसतं.

कढईकाठ, तुमच्या गळतीचे 140 माझ्या भाड्याशी ताडून बघा. करारात भाडं पाव कमी करून घेतलं तर महिन्याला 10,000 वाचले, म्हणजे 167 माणसं. सही एकदा करायची. तुमचा काटा रोज, दोन्ही वेळा, प्रत्येक हातानं वापरावा लागतो.

कढईकाठ
म्हणजे आकडे जवळपास सारखेच निघाले की. मग "निकाल आधीच लागलेला असतो" हे कसं? भाडं एकदा चुकलं की तीन वर्षं अडकलात, हे मान्य. वाढप उद्या सकाळी सुधारता येतं. ज्याला मंदीत जगायचंय त्यानं जे आज हातात आहे तिथून सुरुवात करावी.

चौथी_खुर्ची
धाग्यात अजून कुणी सवलतीवर बोललं नाही याचं आश्चर्य वाटतं, कारण नवी ठिकाणं सगळ्यात जास्त तिथेच पडतात. पहिले दोन महिने उत्सुकतेची गर्दी असते. ती ओसरली की मालक घाबरतो आणि 20 टक्के सूट लावतो. वरच्याच उदाहरणात 100 चे 80 झाले, खर्च 40 तेवढाच, हातात 60 ऐवजी 40. तेवढेच पैसे मिळवायला दीडपट गिऱ्हाईक हवं: 154 च्या जागी 231. गल्लीत तेवढी माणसं राहतात तरी का?

सूट द्यायचीच तर रिकाम्या वेळेला द्या आणि एखाद्या जास्त सुटणाऱ्या पदार्थाच्या रूपात द्या. 100 च्या बिलावर पेय फुकट दिलं तर तुमचे 5-6 जातात, गिऱ्हाईकाला 20 मिळाल्यासारखे वाटतात. शिवाय मूळ दर शाबूत राहतो. एकदा 80 ला खाल्लेला माणूस पुढे 100 देताना कुरकुरतो.

टेबलांबद्दल वहीखातं यांना पूर्ण सहमती. चार जणांची दहा टेबलं मांडू नका. दोन जणांची सोळा आणि चार जणांची दोन मांडा. दोनची सारख्या उंचीची आणि चौरस घ्या, म्हणजे जोडता येतात. गोल टेबल सुंदर दिसतं, जोडता येत नाही.

मंदगती
सवलतीबद्दल सहमत. पण मग रिकाम्या वेळेचं करायचं काय? घरपोच सेवेच्या अ‍ॅपवर जा असं सगळे सांगतात. तिथे 25 टक्के कमिशन धरा, डबा-पिशवीचे 5. 100 मधले 40 आधीच गेलेले, राहिले 30. म्हणजे दोन पार्सलं म्हणजे एक बसून खाणारा. तरी मी म्हणेन की करा. त्याला खुर्ची लागत नाही आणि वेटर लागत नाही.

कढईकाठ
वेटर लागत नाही, पण शेगडी लागते. रात्री साडेआठला चार शेगड्यांवर बसलेल्यांची ऑर्डर असते, त्यात पाच पार्सलं घुसली की टेबल दहा मिनिटांनी उशिरा उठतं. 30 मिळवायला 60 वालं टेबल अडवलंत. अ‍ॅप गर्दीच्या तासांत बंद ठेवा किंवा पार्सलचा मेन्यू सहा-सात पदार्थांचा वेगळा करा. त्यात वाफेनं मऊ पडणारं, कुरकुरीत असं काही ठेवू नका. झाकणबंद डब्यात दहा मिनिटांत त्याचा लगदा होतो आणि तारे तुमचे जातात.

मोठ्या मेन्यूची हौसही इथेच महागात पडते. 1982 मध्ये कसावाना आणि स्मिथ यांनी मेन्यूची चार खान्यांत वाटणी सुचवली: पदार्थ किती खपतो आणि एका ताटामागे किती सुटतं. 20 पदार्थ असतील तर प्रत्येकाचा सरासरी वाटा 5 टक्के, आणि त्यांची खपाची सीमा त्याच्या 70 टक्के म्हणजे साडेतीन. एकूण ताटांत त्याहून कमी खप आणि सुटतंही कमी, असा पदार्थ काढून टाका. महिन्याच्या बिलांवरून दुपारभरात होणारं काम आहे.

चौथी_खुर्ची
त्या पद्धतीत एक भोक आहे. ती मालाचा खर्च बघते, हाताचा वेळ बघत नाही. 65 सुटणारा पदार्थ एका माणसाची अठरा मिनिटं खात असेल आणि 50 सुटणारा चार मिनिटांत निघत असेल, तर गर्दीत दुसराच कमावतो. आणि जे काढायचं ते काढण्याआधी त्याचे जिनस बघा. फक्त त्या एकाच पदार्थासाठी आणलेला जिन्नस असेल तर ताबडतोब काढा. बाकी पाच पदार्थांत वापरला जात असेल तर घाई नको.

निवांत_वाचक
मजुरी वाचवायला सकाळीच मोठ्या पातेल्यात दोन दिवसांचं करून ठेवलं तर?

कढईकाठ
करता येतं, पण गार करण्यात घात होतो. 60 ते 5 अंश सेल्सियसच्या मधल्या पट्ट्यात जिवाणू झपाट्यानं वाढतात. शिजलेलं अन्न दोन तासांत 21 अंशांपर्यंत आणि त्यापुढच्या चार तासांत 5 पर्यंत उतरलं पाहिजे. 20 लिटरचं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर मधला भाग रात्रभर कोमट राहतो, वर फ्रिजमधलं बाकी सगळं तापतं. उथळ ट्रेमध्ये पाचेक सेंटिमीटर थरानं पसरा, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवा, मगच फ्रिज. डब्यावर तारीख आणि वेळ. एका विषबाधेनंतर गल्लीतलं रेस्टॉरंट उठत नाही, मंदी असो वा नसो.

मंदगती
मंद वारांची दुपारच बंद ठेवा असं मी सुचवणार होतो. सोमवारी दुपारी 12 माणसं येतात, म्हणजे 720 हातात. दिवसाचा पगार 4,600 च्या आसपास. दुपारी निम्मी पाळी आणि तीही निम्म्या माणसांवर चालवली, तरी 1,150 होतात. 20 माणसं आली नाहीत तर पाळी स्वतःचा पगारही काढत नाही.

वहीखातं
पगार महिन्यावर असेल तर दुपार बंद करून तुमचे 1,150 वाचत नाहीत, उलट 720 जातात. आधी कामाचे तास बदलावे लागतील, साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी हलवावी लागेल. हेही नोकरीवर घेतानाच ठरतं. पुन्हा माझाच मुद्दा.

आता राहिलं भांडवल. रोज 154 ऐवजी 100 माणसं येतात असं धरा. महिन्याला 2,600, हातात 1,56,000, तोटा 84,000. गाठीशी 5,00,000 असतील तर मालक म्हणतो सहा महिने काढू. चूक. बंद करायलाही पैसे लागतात: दोन महिन्यांच्या नोटिशीचं भाडं 80,000, एक महिन्याचा पगार 1,20,000, पुरवठादारांची पंधरवड्याची उधारी 41,000 च्या आसपास. हे 2,41,000 हात लावायचे नाहीत. उरले 2,59,000, म्हणजे तीन महिने. हा 2,41,000 चा आकडा उघडण्याआधी लिहून ठेवा आणि बँकेतली शिल्लक तिथे आली की थांबा. नाहीतर अनामत रक्कम घरमालकाकडे अडकते आणि शेवटचा पगार आचाऱ्याचा बुडतो.

मंदगती
तीन महिन्यांत गल्लीला सवय लागत नाही. पंधरवड्यातून एकदा बाहेर जेवणारं घर तुमच्याकडे तेवढ्यात जेमतेम दोनदा-तीनदा येणार. तुमच्या हिशेबानं कुणीच उघडू नये.

वहीखातं
सहा महिने द्यायचे तर 5,04,000 तोट्याचे अधिक 2,41,000, म्हणजे साधारण साडेसात लाख बाजूला हवेत. सजावटीवरचा खर्च तेवढा कमी करा. तेवढे नसतील तर ठरलेला खर्च उतरवा: 1,80,000 वर आणलात की रोज 115-116 माणसांत भागतं, आणि रोज 100 आली तरी तोटा 24,000 वर येतो.

कढईकाठ
1,80,000 वर आणायला 60,000 कापायचे. सगळं भाडं माफ झालं तरी 40,000 च सुटतात. बाकीचे पगारातून येणार, म्हणजे माणसं कमी. त्या कमी माणसांत वाढपावर आणि साठ्यावर लक्ष कोण ठेवणार, तेही लिहा.