कॅलिफोर्नियाचा वय-कायदा लिनक्सने पाळायचा कसा?

टर्मिनलवाला: ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर न्यूसम यांनी एबी १०४३ या विधेयकावर सही केली. १ जानेवारी २०२७ पासून खातं उघडतानाच ऑपरेटिंग सिस्टिमने वय किंवा जन्मतारीख विचारायची आणि अ‍ॅपने मागितला की वयोगट कळवायचा: १३ च्या आत, १३ ते १५, १६-१७, की सज्ञान. अ‍ॅपल, गूगलला हे जमेल; त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे. पण व्याख्या वाचा. सिस्टिम बनवणारा, तिचा परवाना देणारा किंवा तिच्यावर नियंत्रण असणारा कोणीही यात येतो. म्हणजे डेबियन आणि आर्च ही लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची वितरणं (तयार आवृत्त्या) सुद्धा! डेबियनमागे कंपनी नाही, जगभरचे स्वयंसेवक आहेत. निष्काळजीपणा ठरला तर दर मुलामागे २,५०० डॉलरपर्यंत दंड, जाणूनबुजून केलं तर ७,५००. तो कोणाच्या खिशातून जाणार? बिनव्यापारी वितरणांना सरळ सूट हवी.

अनघा_के: सूट कशाला? ओळखपत्र नको, चेहरा स्कॅन नको, पालक सांगतील ते वय धरायचं. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून प्रौढांच्या साइटवर जायचं तर सेल्फी, ओळखपत्र असलं काहीतरी द्यावं लागतं. त्यापेक्षा नुसता वयोगट सांगणं कितीतरी बरं. आणि डेबियनवर नवं खातं उघडायची 'अ‍ॅडयूजर' ही आज्ञा चालवून बघा: पूर्ण नाव, खोली क्रमांक, ऑफिसचा फोन, घरचा फोन, सगळं विचारतं. इतकी वर्षं त्यावर कोणी बोंब मारली नाही.

टर्मिनलवाला: अनघाताई, ते रकाने एन्टर दाबत रिकामे सोडता येतात आणि त्यातलं काही अ‍ॅपला कळवायची सक्ती नाही. शिवाय लिनक्सवर प्रत्येक खात्यामागे माणूस नसतो. वेब सर्व्हरचं खातं वेगळं, डेटाबेसचं वेगळं. क्लाउडवर तर कीबोर्डला हात न लावता मशीन उभी राहतात. तिथे जन्मतारीख कोणाची भरू?

सदू_नाशिक: मग 'कॅलिफोर्नियात वापरू नये' असं परवान्यात टाका आणि मोकळे व्हा.

टर्मिनलवाला: लिनक्स ज्या मुक्त परवान्याखाली येतं त्या जीपीएलमध्ये अशी जादा अट घालता येत नाही. डेबियनची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात की कुठल्या व्यक्तीशी किंवा गटाशी भेदभाव करायचा नाही. एका राज्यासाठी ते सोडलं तर मुक्त सॉफ्टवेअर उरतंच कुठे?

अनघा_के: प्रामाणिक प्रयत्न करणाऱ्याला चुकीच्या वयोगटाबद्दल जबाबदार धरायचं नाही, हेही त्याच कायद्यात आहे. ते तुम्ही सांगितलं नाहीत. आपल्याकडचा २०२३ चा डेटा संरक्षण कायदा बघा: १८ खालच्या कोणाचीही माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कॅलिफोर्नियाची वाट त्याहून सोपी आहे. आज ती नाकारलीत तर उद्या ओळखपत्र मागणारा कायदा येईल, आणि तो लिनक्सला जास्त जाचेल.

टर्मिनलवाला: ते कलम चुकीच्या वयोगटापुरतं आहे. वय विचारलंच नाही तर? घरच्या डेस्कटॉपवर पालकांना हवा तर रकाना जरूर द्या, तो लिहायला मीही मदत करीन. पण रात्री जागून फुकट सॉफ्टवेअर पॅकेज सांभाळणाऱ्याच्या डोक्यावर दंडाची टांगती तलवार मला मान्य नाही.