जुना रेडिओ स्कॅनर परत चालू केला, पण ऐकायला काही उरलंय का?

जुना_स्क्वेल्च:
मंडळी, कॉलेजात असताना स्कॅनिंगचं, म्हणजे फ्रिक्वेन्सी चाळत रेडिओवरची बोलणी ऐकायचं, जाम वेड होतं, मग नोकरी संसार यात सगळं मागे पडलं. आता जुना अॅनालॉग हँडहेल्ड बाहेर काढलाय, सेल टाकले तर चालू झाला की राव! पण जिथे दिवसभर बडबड असायची तिथे एकतर शुकशुकाट नाहीतर मोटार चालल्यासारखी घरघर. डिजिटल स्कॅनर घ्यावा का? किमती बघून घाम फुटलाय.

एरियलवाला:
ती घरघर डिजिटलचीच, डीएमआर नाहीतर पी२५ असेल, या डिजिटल रेडिओच्या पद्धती. पण लगेच पैसे घालू नका. डिजिटल वेगळं आणि एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय न उलगडणारं, वेगळं, नुसतं डिजिटल असेल तर डीकोड होतं, एईएस-२५६ सारखं एन्क्रिप्शन लावलं असेल तर कितीही भारी सेट आणा, ढिम्म. तुमच्या भागात कोण कशावर आहे ते आधी शोधा, आणि काय ऐकायला परवानगी आहे तेही, प्रत्येक देशात नियम वेगळे.

डोंगलदास:
स्कॅनर कशाला, आरटीएल-एसडीआर घ्या. मुळात टीव्ही बघायचा यूएसबी डोंगल, २०१२ च्या सुमारास लोकांना कळलं की यातून कच्चा सिग्नल सरळ कॉम्प्युटरवर घेता येतो. साधारण २४ ते १७०० मेगाहर्ट्झ, आणि एका वेळी २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नलच्या सरकत्या चित्रात, समोर दिसतो, म्हणजे कोण कुठे बोलतंय ते ऐकायच्या आधीच डोळ्यांना दिसतं. ट्रंकिंगसाठी, म्हणजे जिथे अनेक गट मोजकी चॅनेल्स वाटून घेतात आणि बोलणं चॅनेल बदलत राहतं, त्यासाठी एसडीआरट्रंक हे सॉफ्टवेअर, फुकट आहे, कोण कुठल्या चॅनेलवर ते सांगणारं कंट्रोल चॅनेल वाचून संभाषणाच्या मागे आपोआप पळतं.

जुना_स्क्वेल्च:
भारी आहे, पण दिवसभर ऑफिसात स्क्रीनच बघतो हो, रात्री परत तेच नको वाटतं. हातात सेट हवा.

एरियलवाला:
मग एअरबँड, विमानांचा पट्टा! ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, विमानं अजून साध्या एएमवरच बोलतात. फायदा असा की दोन पायलट एकदम बोलले तर एफएमवर जोरदार सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही, एएमवर मात्र कुईंऽऽ अशी शिट्टी येते, कंट्रोलरला कळतं की दोघं आहेत. फक्त तुमच्या सेटमध्ये एएम आहे ना बघा. युरोपात असाल तर तिथे ८.३३ किलोहर्ट्झची चॅनेल्स आहेत, २५ च्या पायऱ्यांचा जुना सेट अडेल. आणि ते रबरी एरियल काढा हो, ५८-५९ सेंटीमीटरची उभी तार लावा, जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

डोंगलदास:
बरं बाबा, डोंगल राहू दे 😄 समुद्राजवळ असाल तर जहाजांचं मरीन चॅनेल १६, म्हणजे १५६.८ पण टाका. आणि १४५.८०० एफएम, स्पेस स्टेशनवरचे अंतराळवीर कधीकधी शाळेतल्या पोरांशी बोलतात त्यावर. स्टेशन वेगाने जवळ येतं-लांब जातं म्हणून (डॉप्लर) फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास सरकते, जुन्या सेटला काही फरक पडत नाही. पासच्या, म्हणजे स्टेशन आपल्या आकाशातून जायच्या, वेळा आधी बघून ठेवा, जेमतेम दहा मिनिटं मिळतात.