'छोटा मेंदू' कुठला?

तिरफळ:
एका मासिकासाठी ब्रेन ऑर्गनॉइडवरचा (प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेला, मेंदूसारखा बारका गोळा) लेख मराठीत करतेय. मी 'ऑर्गनॉइड' तसंच ठेवलेलं, संपादकांनी सगळीकडे 'छोटा मेंदू' केलं. आता वाक्य असं झालंय, '२०१३ साली व्हिएन्नात लँकेस्टर आणि क्नोब्लिख यांनी छोटा मेंदू तयार केला'. अहो छोटा मेंदू म्हणजे सेरेबेलम, मेंदूचाच मागचा भाग ना? शाळेत मोठा मेंदू, छोटा मेंदू असंच घोकलंय. शिवाय 'मूलपेशी' (स्टेम सेल्स, ज्यांच्यापासून इतर पेशी बनतात) वाचून आई म्हणाली, लहान मुलांच्या पेशी का गं?

गोदाकाठ:
बरोबर आहे तुमचं. पण ऑर्गनॉइडही नको, 'अवयवाभ' करा, म्हणजे अवयवासारखा.

मूषक:
अवयवाभ कोण म्हणतं हो? मी लॅबमध्ये आहे, आम्ही सरळ 'ऑर्गनॉइड लावलेत' म्हणतो. आणि मेंदू तर म्हणूच नका, भिजलेल्या साबुदाण्याएवढा पांढुरका गोळा असतो, रक्तवाहिन्या नाहीत त्यामुळे जास्त वाढला की आतून मरायला लागतो. पण कामाचा! व्हिएन्नावाल्यांनी जन्मतः डोकं लहान असलेल्या एका पेशंटच्या त्वचेच्या पेशींपासून स्टेम सेल्स केल्या, त्यांचे गोळे वाढवले तर तेही लहानच राहिले, कारण ज्या पेशींनी अजून विभागत राहायचं त्या घाईघाईने न्यूरॉन (चेतापेशी) होऊन मोकळ्या, साठाच आटला. उंदरात हा आजार नीट उतरत नाही म्हणून तर एवढा खटाटोप.

पेठेतला काका:
लेखात पेशींच्या समूहाला 'टिश्यू' लिहिलं असेल तर आधी ते काढा. ऊती! संस्कृत 'वे' म्हणजे विणणे, त्यावरून ऊति. ओतप्रोतमधला 'ओत' त्याच घरातला. इंग्रजी टिश्यूसुद्धा मुळात विणलेलं कापडच.

खलबत्ता:
काका, मग दूध ऊतू जातं ते पण विणत विणत का 😀

पेठेतला काका:
ते 'उतू'. उ र्‍हस्व. हल्ली कुणाला र्‍हस्व-दीर्घाचं सोयरसुतक नाही.

मूषक:
टिश्यू म्हटलं तर सगळ्यांना कळतं, ऊती म्हटलं की माझ्या लॅबमधली मराठी पोरंही बघत बसतात.

पेठेतला काका:
पोरं बघत बसतात हा शब्दाचा दोष?

तिरफळ:
मंडळी, उद्या सकाळी फायनल द्यायचंय. 'छोटा मेंदू' काढायला सांगू ना?

गोदाकाठ:
काका, कहाणीत 'उतणार नाही, मातणार नाही' म्हणतात, त्यातला उतणे आणि दुधाचा उतणे एकच का?