दहा हजारचा नियम जुन्या गाडीला?

इंजिन ऑइल बदलण्याबद्दल ‘दहा हजार किलोमीटर झाल्याशिवाय ऑइलला हात लावू नका’ असा सल्ला देतात, तो नव्या गाडीला ठीक. माझी पेट्रोल गाडी दोन लाख किलोमीटरच्या पुढं गेलीय. रोज साताऱ्यात पोवई नाक्यापर्यंतच्या बारक्या फेऱ्या, रविवारी यवतेश्वर घाट चढून कास. सात हजारावर सहज डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची खुणांची पट्टी) काढली, तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली! गळती कुठंच नाही, नुसतं जळत होतं. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमध्ये लिटरभराचा फरक असतो, म्हणजे हिशोब करा.

आता दर हजाराला सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघतो. बदलतो सहा हजाराला, नाहीतर वर्षानं. कारण बारक्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, पेट्रोल आणि पाण्याचा अंश ऑइलमध्ये उतरतो.