सजावटीच्या दिवसांत बागेत ट्रायपॉड बंद करा एकदाचे

घुम्या
आधीच सांगून टाकतो, मीपण फोटो काढणाऱ्यांतलाच आहे, उगाच कॅमेरावाल्यांवर जळतोय असं कोणी म्हणू नका. ट्रायपॉडसुद्धा आहे, माळ्यावर पडलाय. तर सुट्ट्यांमध्ये बागेत सजावट असते ना, काचघरात लाल पॉइन्सेटियाच्या कुंड्यांच्या राशी, झाडांना दिव्यांच्या माळा, तळ्याकाठी रोषणाई, ते दाखवायला आईला घेऊन गेलो होतो. आई व्हीलचेअरवर. काचघरातली वाट जेमतेम दोन माणसं शेजारून जातील एवढी, आणि बरोब्बर वळणावर एका साहेबांचा ट्रायपॉड तीन पाय फाकवून उभा. "एक मिनिट हं काकू." असं ते चार वेळा म्हणाले. मागे रांग, कुणाचं तरी बाळ रडतंय, आतला तो दमट उकाडा, आणि साहेब एकाच फुलाचे वीसेक फोटो घेतायत, दर वेळी फोकस केसभर पुढे सरकवून. शेवटी आईच म्हणाली, जाऊ दे रे, मागे फिरव, मी बघितलं लांबून.

माझं म्हणणं एवढंच, सजावटीच्या दिवसांत ट्रायपॉड, लाइट स्टँड सगळं गेटवर ठेवून घ्या. बाग आहे, स्टुडिओ नाही.

तिपाई
आयडी बघूनच कळलं असेल मी कुठल्या बाजूचा. त्या माणसानं वाट अडवली ते चूकच, त्यावर वाद नाही. पण एकानं वाटेत सायकल लावली म्हणून सायकलीच बंद करायच्या का?

तो वीस फोटो काढत होता म्हणजे फोकस स्टॅकिंग चाललं असणार. फुलाच्या अगदी जवळ गेलं की शार्प पट्टा काही मिलिमीटरचाच उरतो, पुंकेसर शार्प आले की पाकळीची कड गेलीच. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, अगदी बारीक करून एफ २२ ला नेलं तर डिफ्रॅक्शनमुळे (उजेड कडेला पसरतो) सगळंच मऊ पडतं. मग तुकड्यातुकड्यानं फोकस करून नंतर जोडायचं, आणि त्याला कॅमेरा जागचा हलून चालत नाही. उघड्यावर वाऱ्यात हे जमतच नाही, काचघरातच काय ते जमतं. आणि रोषणाईचा खरा फोटो सूर्य बुडाल्यानंतरच्या साधारण अर्ध्या तासातला, आकाशात अजून निळाई असते आणि दिवे लागलेले असतात, दोन्ही उजेड एकमेकांना सांभाळून घेतात. त्यानंतर गेलात तर वर काळं ठिक्कर आणि खाली नुसते ठिपके. त्या वेळात आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १०० वर दोन सेकंदांचं एक्स्पोजर हातात धरून काढून दाखवा, मी माझा ट्रायपॉड विकतो.

उन्हातला_पाऊस
विका मग :) दोन सेकंद मुळात हवेत कशाला? स्टॅबिलायझर (हाताचा थरकाप सावरणारा) चालू करा, आयएसओ १६०० नाहीतर ३२०० घ्या, शटर १/५० सेकंद, कोपर बरगड्यांना चिकटवा, श्वास सोडता सोडता बटन दाबा, झालं. थोडे दाणे दिसतील, दिसू देत की, तुम्ही काय भिंतीएवढी प्रिंट काढणारात? नव्वद टक्के फोटो फोनवरच बघितले जातात (हा आकडा माझाच हं, पुरावे मागू नका).

आणि १/५० उगाच म्हणत नाहीये. स्वस्तातल्या एलईडी माळा सतत पेटलेल्या नसतात, लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही इतकंच. वीज ५० हर्ट्झची असेल तर सेकंदाला १०० वेळा, काही माळा तर ५० वेळाच. मी पहिल्या वर्षी हौसेनं १/५०० ठेवून फिरलो, घरी येऊन बघतो तर अर्ध्या फोटोत एखादी माळ विझलेली आणि बाकीच्यांत काळे आडवे पट्टे. कॅमेरा खराब झाला म्हणून दुकानात न्यायला निघालो होतो. वीज ६० हर्ट्झची असेल तिथे १/६० ठेवायचं. हे सगळं हातात धरून होतं, म्हणून मी घुम्याच्या बाजूनं.

लालभडक
अवांतर प्रश्न विचारते, रागावू नका. माझे पॉइन्सेटियाचे फोटो कायम लाल डबकं कसं काय येतं? पानांच्या शिराबिरा काही दिसत नाहीत. फोन आणि कॅमेरा दोन्हीवर तेच.

तिपाई
@लालभडक, लाल चॅनल फुटतोय. कॅमेरा एकूण उजेडाचा हिशेब करतो, त्यात लाल एकटाच भांडं भरून वाहतो आणि बारकावे जातात. एक्स्पोजर थोडं, २/३ स्टॉप, खाली घ्या आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पांढरा न बघता तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. फोनवर फुलावर टॅप करून ते सूर्याचं चिन्ह खाली ओढा. आणि पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) असेल तर लावा, पानांवरची चकाकी गेली की रंग खाली लपलेला असतो तो वर येतो.

मातीचे_हात
मी एका सार्वजनिक बागेत काम करतो, कुठल्या ते सांगत नाही, नोकरी प्यारी आहे. तुम्ही सगळे ट्रायपॉडवर घसरलात, मला हसू येतंय. ट्रायपॉडवाला निदान वाटेवर तरी उभा असतो हो. आमची वाट लावतात ते मोबाइलवाले. "जरा आत जाऊन उभी रहा ना" म्हणत वाफ्यात शिरणारे. एक पाऊल म्हणजे त्यांना काहीच वाटत नाही, पण भुसभुशीत केलेल्या मातीत हवेच्या ज्या पोकळ्या असतात त्याच दाबल्या जातात, मग पाणी आत मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, आणि रोप लगेच मरत नाही त्यामुळे कोणाला कळतही नाही, ते हळूहळू रुसतं. ट्यूलिपचा दांडा मोडला तर त्या कंदाला त्या वर्षी दुसरं फूल सहसा नाहीच. संपलं.

आता पॉइन्सेटियाचं. ज्याला तुम्ही लाल फूल म्हणता ती पानं आहेत, रंग बदललेली. खरी फुलं म्हणजे मधोमध ज्या हिरव्या-पिवळ्या बुटक्या गुंड्या असतात ना, मुगाएवढ्या, त्या. नीट बघितलंत तर प्रत्येक गुंडीला कडेला एक पिवळं ओठासारखं असतं, त्यात मधाचा थेंब साचतो. ते लाल यायला आम्हाला आठ-दहा आठवडे रोज जवळजवळ १४ तास पूर्ण काळोख द्यावा लागतो, संध्याकाळी काळं कापड टाकायचं आणि सकाळी काढायचं, मध्ये रात्री कोणी दिवा लावला तर रंग रखडतो. एवढं करून कुंड्या मांडल्या की फोटोसाठी कोणीतरी येतो आणि लाल पान बोटानं सरळ करतो. दोन दिवसांत तिथे काळपट डाग. पान तुटलं तर पांढरा चीक ओघळतो, त्याचे ठिपके खालच्या पानांवर वाळून बसतात. गेल्या सजावटीत पुढची रांग मी तीन वेळा बदलली. एक जण तर दांडा हलतो म्हणून कपड्यांचा चिमटा घेऊन आला होता, दुसरा स्प्रेची बाटली. दव पाहिजे तर पहाटे या ना राव.

उन्हातला_पाऊस
काळोख लागतो म्हणता आणि वर रात्रभर दिव्यांच्या माळा? मग त्यांना त्रास नाही का होत?

मातीचे_हात
मांडायला आणतो तेव्हा रंग येऊन गेलेला असतो, नंतर दिवे असले तरी तो रंग परत जात नाही. आम्ही गुंड्या अजून न उमललेल्या असलेल्याच कुंड्या पुढे लावतो, त्या उमलून पराग झडले की लाल पानं गळायच्या मार्गाला लागतात. बाहेरच्या झाडांवरच्या माळांबद्दल मात्र माझंही मन साफ नाही, खोडाला करकचून बांधतात आणि काढायला विसरतात, तो वेगळा धागा होईल.

जुनी_लेन्स
चर्चा भलतीकडे चाललीये. फुलं-पानं हा फोटोग्राफीइतकाच जुना विषय आहे. ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून शैवालं थेट कागदावर ठेवून निळे सायनोटाइप (उन्हानं कागदावर उमटणारे ठसे) केले, कॅमेरा नाहीच. पुढे कार्ल ब्लॉसफेल्ट, घरी बनवलेल्या कॅमेऱ्यांनी वनस्पती कितीतरी पट मोठ्या करून दाखवल्या, १९२८ ला पुस्तक आलं आणि लोकांना पहिल्यांदा कळलं की नेच्याचं कोवळं टोक लोखंडी जाळीच्या नक्षीसारखं दिसतं. ही माणसं "एक मिनिट हं" न म्हणता झाली असती का? गेटवर ट्रायपॉड जमा करणाऱ्या जगात ब्लॉसफेल्ट होत नसतो.

घुम्या
@जुनी_लेन्स, तुमचा साक्षीदार उलटलाय. ब्लॉसफेल्ट रोपं तोडून आणायचे आणि साध्या पडद्यासमोर ठेवून निवांत फोटो काढायचे. कोणाच्या आईची व्हीलचेअर त्यांनी अडवली नाही. तुम्हीपण आणा कुंडी विकत आणि घरी काढा वीस काय दोनशे फोटो.

आणि माळीदादा (चालेल ना?), मोबाइलवाल्यांचं पटलं. २०१९ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात लेक एल्सिनोरजवळ डोंगरभर केशरी पॉपी फुलली, फोटोसाठी एवढी झुंबड उडाली की गावाला रस्ता बंद करावा लागला. तिथे ट्रायपॉड किती असतील? पण म्हणून वाटेतला ट्रायपॉड सुटत नाही. मी मागे हटत नाहीये.

जुनी_लेन्स
घरच्या कुंडीला काचघराचा उजेड नसतो. छतावरून गाळून येणारा तो पांढरा उजेड, त्यात सावलीला कड नसते, तो विकत मिळत नाही. जाऊ दे, तुम्हाला भांडायचंच आहे.

तिपाई
मधला मार्ग सुचवतो, सकाळी उघडल्यावर पहिला एक तास ट्रायपॉडवाल्यांना द्या, नंतर बंद. सकाळी गर्दीही नसते. फक्त एक, थंडीतून थेट काचघरात शिरू नका, लेन्सवर वाफ धरते, कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून वीसेक मिनिटं थांबा. म्हणजे तासातला फक्त चाळीस मिनिटांचा त्रास :)

घुम्या
सकाळच्या तासाला माझी हरकत नाही. रोषणाईच्या वेळेला आहे, ती राहील.

बाय द वे, हा धागा रात्री आईला वाचून दाखवला. सगळं ऐकलं आणि म्हणाली, त्या पिवळ्या गुंड्या मी बघितल्याच नाहीत, नुसतं लाल लाल दिसलं लांबून. जवळून फोटो काढून आण म्हणाली, त्या मधाच्या थेंबासकट.

तिपाई
ट्रायपॉड आणू का माझा?

घुम्या
नको.

मातीचे_हात
मंगळवारी सकाळी या. पुढची रांग सोमवारी बदलतोय, गुंड्या ताज्या असतील. आणि आईंना पण घेऊन या, तेव्हा वाटेत कोणी नसतं.