पाय कापण्याआधी रक्तवाहिन्यांची तपासणी व्हायला हवी का?

प्रश्न

माझ्या वडिलांचे वय 68 असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. उजव्या पायाची करंगळी काळी पडली आहे आणि शेजारच्या बोटावरची जखम रोज ड्रेसिंग करूनही भरत नाही. रात्री आडवे झाले की पाऊल असह्य ठणकते. उठून पाय पलंगाखाली सोडून बसल्यावरच त्यांना जरा बरे वाटते. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, असे शल्यचिकित्सकांनी सांगितले आहे, परंतु पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी अद्याप झालेली नाही. ती करून घेण्यात वेळ घालवला तर धोका वाढेल का?

उत्तर 1 (रक्तवाहिन्यांचा शल्यचिकित्सक)

ताप, पू, दुर्गंधी किंवा वर चढणारी लाली असेल तर आजच रुग्णालयात दाखल करा, कारण पसरणाऱ्या जंतुसंसर्गात जीव वाचवणे हे पहिले काम असते. तसे नसेल, तर रक्तप्रवाह तपासल्याशिवाय पाय काढण्यास संमती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाय खाली सोडल्यावर आराम पडतो, याचा अर्थ रक्त बोटांपर्यंत पोहोचायला गुरुत्वाकर्षणाची मदत लागते आहे, म्हणजे धमन्या बऱ्याच अरुंद झाल्या असाव्यात. सर्वसाधारणपणे घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या 0.9 पट किंवा त्याहून कमी भरला, तर धमनीविकार आहे असे मानतात. मात्र दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या धमन्यांत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याने दबत नाहीत आणि आकडा फसवा चांगला येतो. म्हणून पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजावा, डॉपलर सोनोग्राफी (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी) करावी आणि शस्त्रक्रियेचा विचार असेल तर अँजिओग्राफी (औषध टोचून धमन्यांचे चित्र घेणे) करावी. त्याआधी रक्तातील क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) पाहणे आवश्यक आहे, कारण अँजिओग्राफीत वापरल्या जाणाऱ्या औषधाचा मूत्रपिंडावर भार पडतो.

अडथळा सापडल्यास फुग्याने धमनी रुंद करता येते (अँजिओप्लास्टी) किंवा पायातलीच शीर वापरून बायपास, म्हणजे अडथळ्याला वळसा देणारा रक्ताचा मार्ग, करता येतो. दोन्हींपैकी सरस कोणते, यावर 2022 आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. त्यामुळे शीर चांगली आहे का, अडथळा कुठे आहे आणि हृदय शस्त्रक्रिया सोसेल का, हे पाहूनच निर्णय होतो. पाय वाचवण्यासाठी धमनी आतून उघडण्याचा उपाय नवा नाही. 16 जानेवारी 1964 रोजी अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञ चार्ल्स डॉटर यांनी, पाय कापून घेण्यास नकार दिलेल्या 82 वर्षांच्या एका स्त्रीची मांडीतली धमनी अशीच उघडली आणि त्या स्त्रीचा पाय वाचला.

प्रत्येक पाय वाचतोच, असे मी म्हणणार नाही. परंतु रक्त पोहोचू लागले तर केवळ एक-दोन बोटे काढून भागू शकते, आणि गुडघ्याखालचा छेद घ्यावाच लागला तरी ती जखम भरेल की नाही हेही रक्तप्रवाहावरच ठरते.

उत्तर 2 (एका रुग्णाची मुलगी)

माझ्या आईच्या बाबतीत आधी अँजिओप्लास्टी झाली आणि काळी पडलेली बोटे त्यानंतर काढली. हा क्रम फार महत्त्वाचा आहे, हे आम्हाला तेव्हा समजले. रक्त पोहोचत नसताना आधी बोट काढले असते तर ती जखमही भरली नसती. अँजिओप्लास्टीनंतर परिचारिकेने पावलावर नाडी लागते तिथे पेनाने फुली काढली होती आणि दर पाळीत छोटे डॉपलर यंत्र तिथेच टेकवून ती आवाज ऐकत असे. आपणही रोज 'नाडी लागते का' एवढे विचारत राहा. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत मागताना संकोच करू नका. शस्त्रक्रियेचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनाच 'अँजिओग्राफी कधी करायची?' असे सरळ विचारले तरी संभाषणाची दिशा बदलते.

उत्तर 3 (मधुमेही पावलांच्या उपचार विभागातील परिचारिका)

धमनी उघडली तरी आजार शरीरात राहतोच, म्हणून तंबाखू कोणत्याही रूपात पूर्ण बंद करावी आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) तसेच रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये. पाऊल गार लागते म्हणून गरम पाण्याची पिशवी मुळीच लावू नका. संवेदना कमी असल्याने चटका बसला तरी वडिलांना कळणार नाही. डाव्या पायाकडेही आजपासूनच लक्ष द्या. रोज बोटांच्या बेचक्या आणि टाच उजेडात पाहा आणि अनवाणी चालू देऊ नका. कोणताही पाय अचानक गार, पांढरा, बधिर झाला किंवा हलेनासा झाला, तर सकाळची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठा, कारण अशा वेळी पाय वाचवण्यासाठी हाताशी काही तासच असतात.