कसबा म्हणजे नुसती सदाशिव-नारायण नव्हे!

पेठेतलाच
काल इथे कुणीतरी लिहिलंय, 'पुण्याच्या कसबा मतदारसंघात कमळावर दगड उभा केला तरी निवडून येतो. २०२३ च्या पोटनिवडणुकीत भाजप पडला तो अपघात होता, २०२४ ला दुरुस्त झाला.' वाचून चहा कडू झाला, म्हणून हा धागा.

अपघात? १९९१ ला कसब्याचे भाजप आमदार अण्णा जोशी लोकसभेत गेले. मग पोटनिवडणूक लागली, त्यात साक्षात भाजपचे गिरीश बापट पडले आणि काँग्रेसचे वसंत थोरात आले. २०२३ ला काँग्रेसकडून जिंकलेले हेच रवींद्र धंगेकर २००९ ला मनसेकडून उभे होते, तेव्हा बापट आठेक हजारांनीच वाचले. १९९५ पासून सलग पाच वेळा निवडून आले ते बापट. कमळ त्यांच्या मागून आलं. चहाच्या टपरीवर, मंडळाच्या मांडवात, मयतीला, सगळीकडे हा माणूस हजर असायचा. तो दिल्लीला गेला, मग आजारी पडला, आणि बालेकिल्ल्याचा दिंडी दरवाजा उघडाच राहिला. शिवाय मतदारसंघात रविवार पेठ आहे, गंज पेठ आहे. टिळक रस्त्यावर बसून ती दिसत नाही, हा पेठांचा दोष नाही.

निवृत्त सदाशिव
भूगोल आम्हाला शिकवू नका. २०२३ ला भाजप पडला तो तिकिटामुळे. आमच्या आमदार मुक्ताताई टिळक आजारपणात अँब्युलन्समधून मुंबईला विधानभवनात मतदानाला गेल्या, आणि त्यांच्या पश्चात घरातल्या कुणाला विचारलंसुद्धा नाही. त्याआधी कोथरूडला मेधाताई कुलकर्णींचं तिकीट कापलं होतं. पेठेत ब्राह्मण समाजाच्या नाराजीचे फलक लागले होते, विसरलात? वर भाजपचे चंद्रकांत पाटील विचारतात, 'हू इज धंगेकर' म्हणे! कळलं ना मग २ मार्चला, कोण ते.

पेठेतलाच
काका, नाराजांसाठी उमेदवार होता की! हिंदू महासंघाचे आनंद दवे. मतं पडली तीनशेच्या आत. धंगेकर आले जवळजवळ अकरा हजारांनी. एवढीच का तुमची नाराजी?

निवृत्त सदाशिव
अहो, नाराज माणूस दुसऱ्याला मत देत नाही, घरी बसतो! मतदान झालं पन्नास टक्के. मी स्वतः चाळीस वर्षांत पहिल्यांदा गेलो नाही. रविवार होता, आमटी-भात जेवलो आणि झोपलो. ही मतं तुमच्या कुठल्या आकड्यात धरणार?

जुना भाडेकरू
झोपा तुम्ही, तुमच्या डोक्यावर स्लॅब आहे. आमच्याकडे पावसाळ्यात बादल्या लावून झोपावं लागतं. बारा बिऱ्हाडांचा वाडा, आता तीन राहिली. जिन्याची चौथी पायरी २०१९ पासून नाही, पाहुण्यांना खालूनच ओरडून सांगतो. प्रत्येक निवडणुकीला 'वाड्यांचा प्रश्न मार्गी लावू'. मी पाच जाहीरनामे जपून ठेवलेत. छप्पर गळतं तिथे लावतो.

वाड्याची मालकीण
आणि भाडं किती देता, तेही लिहा ना! आमच्याकडे एक बिऱ्हाड महिना बेचाळीस रुपये देतं, तेसुद्धा मनीऑर्डरने, म्हणजे कोर्टात पुरावा राहतो. एवढ्यात दिवा तरी बदलता येतो का जिन्यातला? आमच्या सासऱ्यांचं अर्धं आयुष्य तारखांत गेलं. यांची मुलं धायरीला फ्लॅट घेऊन बसलीत, इथे कुलूप.

जुना भाडेकरू
कुलूप म्हणे! तीन पिढ्या राहिलो तिथे. बिल्डर आला की मालकांना गच्चीसकट सगळं हवं, आणि आम्हाला 'बघू'.

वाड्याची मालकीण
बिल्डर येतोय कुठे? एवढ्याशा प्लॉटला साइड मार्जिन सोडलं की उरतो जिना. माझ्या माहेरचा वाडा तर शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आत. तिथे केंद्राच्या कायद्याने नवं बांधकामच बंद. पेशव्यांचं जोतं टिकावं म्हणून आमचं घर पडू द्यायचं! आणि हो, मी दोन्ही वेळा कमळालाच मत दिलं. राग आहे तरी. कुणाला द्यायचं दुसऱ्या?

पेठेतलाच
धागा मतदानाचा आहे हो!

जुना भाडेकरू
मग हे काय चाललंय? धायरी-वारज्याला गेलेल्यांची नावं अजून पेठेच्याच यादीत. पोटनिवडणुकीला आमचा भाऊ म्हणाला, एका मतासाठी एवढं पेट्रोल कोण जाळणार. नोव्हेंबर २०२४ ला मात्र अख्खं कुटुंब रिक्षा करून आलं. भाजपचे हेमंत रासने १९ हजारांवर मतांनी आले, त्यात ही रिक्षापण धरा. मत कुणाला दिलं ते सांगितलं नाही, पण जाताना बाकरवडी घेऊन गेले.

निवृत्त सदाशिव
हेच सांगतोय मी! माणसं घरातून निघाली की कसबा भाजपचा. २०२४ च्या लोकसभेलाही इथले आमदार धंगेकर स्वतः उभे असताना कसब्यात आघाडी भाजपच्या मुरलीधर मोहोळांना.

रविवार पेठवाला
सर, तुम्ही झोपलात त्याचा फायदा तरी मान्य करा. मिळकतकरातली ४० टक्के सवलत काढली होती. निकाल लागला आणि त्याच मार्चमध्ये सवलत परत द्यायची घोषणा झाली! माझ्या वडिलांनी त्या दिवशी धंगेकरांच्या नावाने पेढे वाटले. एक आमदार पाडला की कर कमी होतो, हे आधी माहीत असतं तर दरवर्षी पाडला असता.

निवृत्त सदाशिव
वाटा पेढे. आणि आता कुठे आहेत तुमचे धंगेकर? मार्च २०२५ ला शिंद्यांच्या शिवसेनेत. मनसेचं इंजिन, हात, आता धनुष्यबाण. मी निदान एकाच चिन्हावर रुसलो.

रविवार पेठवाला
त्याला उत्तर नाही माझ्याकडे. पेढे परत मागायचे का वडिलांकडून?

पेठेतलाच
ठीक आहे काका, घरी बसलेल्यांचा मुद्दा अर्धा मान्य. अर्धाच. गंज पेठेत त्या रविवारी कुणी तिकिटावर रुसून आमटी-भात खात नव्हतं.

निवृत्त सदाशिव
अर्धा का होईना, पुण्यात तेवढंही मिळत नाही. धन्यवाद.

वाड्याची मालकीण
जुने भाडेकरू, चौथी पायरी म्हणालात... तुमचा वाडा नारायण पेठेत, विहिरीचा का?

जुना भाडेकरू
...वहिनी, तुम्ही?